न उडणारी बंदूक आणि खारी हवा

राष्ट्रीय छात्र सेनेची म्हणजे एन.सी.सी.ची तुकडी ज्या शाळेत किंवा महाविद्यालयात आहे, तिथल्या शिक्षकांना 'डी.पी. रायफल' हा शब्द नवा नाही. डी.पी. म्हणजे ड्रिल पर्पज, केवळ कवायतीसाठीची. दिसायला ती खरीच बंदूक असते, कारण ती एके काळी खरीच होती. वजन सुमारे चार किलो, लाकडी दस्ता, पोलादी नळी, मागेपुढे सरकणारा बोल्ट. अनेक तुकड्यांमध्ये ही रायफल म्हणजे पॉइंट थ्री नॉट थ्री बोअरची ली-एनफील्ड असते. ती झिजली, जुनी झाली, गोळी झाडण्यास असुरक्षित ठरली, म्हणून तिच्यावर 'डी.पी.' अशी अक्षरे ठोकून तिला कवायतीच्या कामाला लावले जाते.

अशा बंदुकीला पूर्णपणे निकामी केले, तिच्यातून गोळी कधीच सुटणार नाही अशी व्यवस्था केली, की ती संग्रहालयात, सैनिकी स्मारकात किंवा क्वचित एखाद्या माजी सैनिकाच्या घरी आठवण म्हणून ठेवता येते. अशी वस्तू ठेवायची तर तीन प्रश्न उभे राहतात. ती खरोखर निकामी आहे का? ती ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे का? आणि ती गंजून नष्ट होऊ नये म्हणून काय करावे? पहिला प्रश्न यंत्रशास्त्राचा, दुसरा कायद्याचा आणि तिसरा रसायनशास्त्राचा आहे असे वाटते. प्रत्यक्षात हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. ते कसे, हे या लेखात आपण पाहणार आहोत. तिसऱ्या प्रश्नासाठी आम्ही मुद्दाम एक अवघड जागा निवडली आहे: करंजा.

करंजा का?

मुंबई बंदराच्या तोंडाशी, उरणच्या दक्षिणेला, द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी करंजा हे मासेमारीचे गाव आहे. समोर धरमतरची खाडी आणि खाडीपलीकडे रेवस. ब्रिटिश अमदानीत उरणचा हा सारा भाग पनवेल तालुक्यात मोडत असे आणि जुन्या कागदपत्रांत उरणच्या बेटालाच 'करंजा बेट' म्हटलेले आढळते. येथे नौदलाचे शस्त्रभांडार आहे, त्यामुळे शस्त्रे आणि त्यांची साठवण हा विषय या परिसराला अपरिचित नाही. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ती म्हणजे इथली हवा. तीन बाजूंना खारे पाणी, भोवती चिखल आणि खाजण, आणि उरण-पनवेल-पेण पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मिठागरे. खिडकीचे गज, सायकलची साखळी, होडीवरचे खिळे यांची इथे काय दशा होते हे करंजाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे. जी बंदूक पुण्यात दहा वर्षे बऱ्या अवस्थेत राहील, तिला इथे एक पावसाळाही भारी पडू शकतो.

ली-एनफील्डची ओळख

या रायफलच्या नावातला 'ली' म्हणजे जेम्स पॅरिस ली. बोल्ट आणि मॅगझिनची रचना त्यांची. 'एनफील्ड' हे इंग्लंडमधल्या शस्त्र कारखान्याचे गाव. तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप, म्हणजे आखूड नळीचे तिसरे मॉडेल, १९०७ साली आले. बंगालमधील इशापूर येथील रायफल कारखान्यात ती भारतातच बनू लागली. पहिल्या महायुद्धापासून पुढे अनेक दशके ती भारतीय सैनिकाच्या खांद्यावर होती. पोलिसांकडे तर ती त्याहूनही दीर्घकाळ राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० रोजी.

पॉइंट थ्री नॉट थ्री हा आकडा नळीच्या आतल्या व्यासाचा. ०.३०३ इंच म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. नळीच्या आत पिळाचे पाच आटे असतात. गोळी त्यांतून जाताना स्वतःभोवती फिरू लागते आणि भोवऱ्याप्रमाणे आपली दिशा टिकवते. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याची जागा म्हणजे चेंबर. बोल्ट पुढे सरकवून फिरवला की चेंबरचे दार बंद होते. चाप ओढला की बोल्टमधली पिन काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर आदळते. टोपीतला संवेदनशील पदार्थ पेटतो, त्याने काडतुसातली दारू पेटते आणि तयार झालेला वायू गोळीला पुढे ढकलतो.

या वर्णनावरून एक गोष्ट ध्यानात येईल. गोळी सुटण्यासाठी अनेक भागांनी मिळून काम करावे लागते: नळी मोकळी हवी, चेंबर धड हवे, बोल्टने दाब पेलला पाहिजे, पिन पोचली पाहिजे. यांपैकी एक कडी तुटली तरी त्या क्षणी बंदूक उडणार नाही. मग निकामी करण्यासाठी एकच कडी तोडणे पुरेसे आहे का?

निकामी म्हणजे किती निकामी?

नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. पिन काढून टाकली तर दुसरी पिन बसवता येते. म्हणजे ती बंदूक 'बंद' झाली, 'निकामी' झाली नाही. म्हणून ज्या देशांत निकामी शस्त्रे बाळगण्याची रीतसर पद्धत आहे, तिथे सगळ्याच मुख्य भागांवर कायमचा आघात केला जातो. नळी आतून बंद करून वितळजोड दिला जातो, चेंबर भरून टाकले जाते, बोल्टचा दर्शनी भाग तासला जातो. एकही भाग दुसऱ्या बंदुकीला उपयोगी पडू नये हा हेतू. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानंतर अशा बंदुकीची तपासणी करून तिच्यावर खूण ठोकण्याची आणि प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू झाली. हे काम लंडन आणि बर्मिंगहॅम येथील नळ्या तपासणाऱ्या जुन्या संस्था करतात.

यात ढिलाई झाली तर काय होते, याचा धडा युरोपला जानेवारी २०१५ मध्ये मिळाला. पॅरिसमधील हल्ल्यात वापरलेली काही शस्त्रे स्लोव्हाकियात 'केवळ आवाज करणारी' म्हणून कायदेशीररीत्या विकली गेली होती आणि नंतर ती पुन्हा चालती करण्यात आली होती. त्याच वर्षअखेर युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांसाठी निकामी करण्याचे एकच कडक प्रमाण ठरवले. ते एप्रिल २०१६ पासून लागू झाले.

आपल्या डी.पी. रायफलकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. 'डी.पी.' या अक्षरांचा अर्थ 'हिच्यातून गोळी झाडू नका' असा आहे. 'हिच्यातून गोळी झाडता येणारच नाही' असा तो दर वेळी नसतो. काही रायफलींच्या नळीला भोक पाडलेले असते, काहींची पिन तोडलेली असते, तर काहींमध्ये झीज हेच काय ते कारण असते. त्यामुळे कवायतीच्या रायफलीही मोजून दिल्या-घेतल्या जातात आणि शस्त्रागारात, लष्करी बोलीत 'कोत'मध्ये, कुलूपबंद ठेवल्या जातात. त्या सरकारच्या मालकीच्या असतात, शाळेच्या नव्हे. एन.सी.सी.चे काम पाहणाऱ्या शिक्षकावर त्यांची जबाबदारी असते, मालकी नसते.

कायदा काय विचारतो?

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. बंदूक बाळगायला परवाना लागतो हे सर्वांना माहीत असते. पण याच कायद्याच्या ४५ व्या कलमात एक अपवाद आहे, आणि तो विज्ञानाच्या शिक्षकाने आवर्जून वाचावा असा आहे. जे शस्त्र कालबाह्य प्रकारचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त आहे, आणि जे दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही, असा त्याचा आशय आहे.

यातले 'दुरुस्ती करून किंवा न करता' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. 'आजोबांची बंदूक आहे, गंजून गेली आहे, चापसुद्धा हलत नाही' एवढ्याने भागत नाही. वरवरचा गंज निघू शकतो, अडकलेला चाप सुटू शकतो. कायदा आजची अवस्था विचारत नाही, तर धातूत झालेला बदल परत फिरवता येण्याजोगा आहे की नाही हे विचारतो. वर्गात आपण परिवर्तनीय आणि अपरिवर्तनीय बदल शिकवतो. तोच भेद इथे कायद्याच्या भाषेत आलेला आहे.

याचे उत्तर आपण स्वतः द्यायचे नसते. ते परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने, तज्ज्ञाचे मत घेऊन, लेखी द्यायचे असते. जिल्ह्यात हा अधिकारी जिल्हा दंडाधिकारी असतो आणि आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त. करंजा, उरण आणि पनवेल हा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो. लेखी उत्तर हाती नसताना 'ही शोभेची आहे' असे मानून चालणे धोक्याचे आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे वस्तू शंभर वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक महत्त्वाची असेल, तर १९७२ चा पुराणवस्तू कायदाही लक्षात घ्यावा लागतो. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या इशापूरच्या रायफलींनी आता शंभरी ओलांडली आहे.

माळ्यावर सापडली तर?

कोकणात आणि देशावर सैनिकी परंपरेची घरे पुष्कळ आहेत. जुने घर उतरवताना, वाटण्या होताना, माळ्यावरच्या पेटीत एखादी बंदूक किंवा मूठभर काडतुसे निघणे अशक्य नाही. कधी एखादा विद्यार्थीच कौतुकाने 'सर, आमच्याकडे जुनी गोळी आहे' म्हणून ती शाळेत घेऊन येतो. या प्रसंगी शिक्षकाने काय करावे हे आधीच ठाऊक असलेले बरे.

बंदूक भरलेलीच आहे असे धरून चालावे. ती उचलू नये, बोल्ट ओढून पाहू नये, मुलांना दूर करावे आणि पोलीस ठाण्याला कळवावे. घरातल्यांना भीती वाटते की आपल्यावरच बालंट येईल; म्हणून वस्तू गुपचूप विहिरीत किंवा खाडीत टाकली जाते. तसे करू नये. ज्याच्याकडील शस्त्र बाळगण्याचा अधिकार संपला आहे, उदाहरणार्थ परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, त्याने किंवा वारसाने ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, अशी तरतूद याच कायद्याच्या २१ व्या कलमात आहे. जमा केल्याची पावती अवश्य घ्यावी.

जुनी काडतुसे बंदुकीपेक्षाही वाईट. त्यांतली कॉर्डाइट नावाची दारू म्हणजे नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांचे मिश्रण. त्यात थोडे व्हॅसलीनही घालत. नळीची झीज कमी व्हावी म्हणून घातलेले हे व्हॅसलीन दारूला टिकाऊ करण्यासही मदत करते, असे नंतर दिसून आले. तरीही वर्षानुवर्षांच्या उष्णतेत तिचे हळूहळू विघटन होते. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात, ओलाव्याशी मिळून आम्ल बनते आणि ते आम्ल पुढचे विघटन अधिक वेगाने घडवते. म्हणून 'पन्नास वर्षांची गोळी फुसकी झाली असेल' हा समज चुकीचा आहे.

काडतुसे, घोडे आणि पावसाळा

काडतुसांच्या पितळी नळकांड्यांबद्दल एक प्रकरण धातुशास्त्रात प्रसिद्ध आहे आणि ते आपल्या देशातलेच आहे. ब्रिटिश अमदानीत भारतातल्या छावण्यांत असे आढळले, की साठवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकतात. उन्हाळ्यात धड असलेल्या पितळेला पावसाळा संपेपर्यंत चिरा गेलेल्या असत. ऋतूशी संबंध दिसल्यामुळे इंग्रजीत या प्रकाराला 'मोसमी तडकणे' अशा अर्थाचे नाव पडले. त्याचा उलगडा १९२१ साली झाला. काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांच्या आसऱ्याने ठेवली जात. घोड्याच्या मूत्रातून अमोनिया निघतो. दमट हवेत तो पितळेवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि तांब्याशी संयोग पावतो. पितळ ठोकून-ओढून नळकांडे बनवताना त्यात अंतर्गत ताण राहिलेला असतो. ताण आणि अमोनिया एकत्र आले की कणांच्या सीमांवरून चीर पसरत जाते. उपायही साधा निघाला. घडवल्यानंतर पितळ मध्यम तापमानाला तापवून ताण घालवायचा.

ली-एनफील्डच्या दस्त्याच्या बुडाला पितळेची पट्टी असते. तिला अमोनियायुक्त 'ब्रास पॉलिश' लावू नये यामागचे एक कारण या प्रकरणात आहे.

गंजाला काय हवे असते?

लोखंड गंजायला प्राणवायू आणि पाणी दोन्ही लागतात हे आपण शिकवतोच. पण पाऊस पडलाच पाहिजे, वस्तू भिजलीच पाहिजे असे नाही. हवेतील वाफेचा डोळ्यांना न दिसणारा थर धातूवर जमतो. ब्रिटिश संशोधक व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की सापेक्ष आर्द्रता एका मर्यादेपर्यंत असेतो लोखंड जवळजवळ गंजत नाही. ती मर्यादा ओलांडताच वेग एकदम वाढतो. स्वच्छ पोलादासाठी ही मर्यादा ढोबळमानाने ६० टक्क्यांच्या आसपास धरतात. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत मर्यादा ओलांडलेलीच.

आता यात मीठ मिसळा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब येतात आणि पृष्ठभागावर मिठाचे कण ठेवून जातात. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्के झाली की पाणी शोषून विरघळू लागते. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढू लागते. मिठागरातले जाडे मीठ पावसाळ्यात बरणीत पाझरते आणि बारीक शुद्ध मीठ त्यामानाने कोरडे राहते, याचे कारण हेच. ज्या बंदुकीवर खाऱ्या वाऱ्याचा थर आहे, ती करंजाच्या हिवाळ्यातही रासायनिकदृष्ट्या ओलीच असते.

क्लोराइडचा दुसरा दुर्गुण असा, की ते गंजण्याच्या क्रियेत खर्ची पडत नाही. लोखंडाच्या खळग्यात ते लोहाशी संयोग पावते, त्यातून आम्ल तयार होते, आम्ल आणखी लोखंड विरघळवते आणि क्लोराइड पुन्हा मोकळे होते. म्हणून वरचा गंज खरवडून तेल लावले तरी काही दिवसांत त्याच ठिपक्यांतून तो पुन्हा उगवतो. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. जिथे पोलाद लाकडात बसवलेले असते, तिथे तो लाकूड आतून फोडतो.

सैनिक आणि उकळते पाणी

जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी झाडल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन ते नळीत राही. हे मिठाचेच भावंड. त्यामुळे त्या काळच्या सैनिकांना गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतायला शिकवले जाई. ज्या पाण्याने लोखंड गंजते तेच पाणी बंदुकीत का ओतायचे, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. उत्तर असे की तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळते. मीठ धुऊन काढायला पाणीच हवे. पाणी उकळते असल्यामुळे पोलाद तापते आणि उरलेला ओलावा झटपट उडून जातो. मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेल. मीठ काढण्याआधी तेल लावले तर मीठ तेलाखाली सुखरूप राहते. या रायफलच्या दस्त्यात एक छोटा खण असतो. त्यात तेलाची कुपी आणि नळीतून चिंधी ओढायची वजनदार दोरी ठेवलेली असे, ती याच कामासाठी.

निकामी बंदुकीची निगा वेगळी का?

चालत्या बंदुकीची नळी दोन्ही टोकांना उघडी असते. निकामी बंदुकीची नळी आतून बंद असते, त्यामुळे दोरी आरपार जात नाही आणि हवाही खेळत नाही. आत शिरलेला ओलावा तिथेच राहतो. वितळजोडाच्या जागी पोलादावरचा काळा संरक्षक थर जळून गेलेला असतो. हा काळा थर म्हणजे लोहाचेच एक ऑक्साइड, मॅग्नेटाइट. तो सच्छिद्र असतो आणि स्वतः फारसे रक्षण करत नाही. त्याच्या छिद्रांत धरलेले तेल रक्षण करते. म्हणून जोडाच्या जागा, पाडलेली भोके आणि लाकूड व पोलाद यांच्या फटी इथे गंज प्रथम दिसतो. बंदूक शोभेची झाली म्हणजे तिची निगा सोपी झाली, असे म्हणता येत नाही.

रीतसर ताब्यात असलेल्या निकामी बंदुकीसाठी आम्ही पुढील क्रम सुचवतो.

प्रत्येक वेळी हाती घेताना नळी सुरक्षित दिशेला ठेवावी, चापापासून बोट दूर ठेवावे आणि बोल्ट उघडता येत असेल तर आत पाहावे. 'निकामीच तर आहे' असे म्हणून ही सवय मोडू नये. विद्यार्थी आपले पाहूनच शिकतात.

हाताच्या घामात मीठ आणि लॅक्टिक आम्ल असते. बोटांचे ठसे आठवड्याभरात तांबूस रेषांच्या रूपाने उमटतात. सुती हातमोजे घालावेत, आणि हाताळून झाल्यावर धातू कोरड्या मऊ फडक्याने पुसावा.

धातूला पातळ खनिज तेलाचा अगदी हलका हात द्यावा. खोबरेल तेल वापरू नये. ते कालांतराने खवट होते, म्हणजे त्यात मुक्त मेदाम्ले तयार होतात आणि ती धातूला, विशेषतः पितळेला, हिरवट डाग पाडतात. खनिज तेलाला हा दोष नाही. तेल फार झाले तर ते दस्त्यात मुरते आणि लाकूड काळे व मऊ पडते. म्हणून तेल दिल्यावर बंदूक काही तास नळीचे तोंड खाली करून ठेवावी.

लाकडाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचे काही थेंब चोळावेत. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते, त्यामुळे त्याचा थर चिकट राहत नाही. पण या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाचे बोळे तसेच गोळा करून टाकले तर ते आपोआप पेट घेऊ शकतात. ते पसरून वाळवावेत किंवा पाण्यात भिजवून टाकावेत.

बंदूक कातड्याच्या किंवा कापडी खोळीत कायमची ठेवू नये. कातडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि खोळीने धरलेला ओलावा गंजाला पोषक ठरतात. प्लायवुडच्या नव्या कपाटातून आम्लाच्या वाफा निघतात. पोलादी कपाट बरे. त्यात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात आणि रंग बदलला की दाणे तापवून पुन्हा वापरावेत.

वातानुकूलित खोलीतून बंदूक एकदम बाहेर आणू नये. बाहेर तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. २४ अंशांच्या खोलीतून आलेले चार किलो पोलाद बराच वेळ थंड राहते आणि त्यावर घाम फुटल्यासारखे पाणी जमते. बंद पिशवीत ठेवून तिला बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे, मग उघडावे.

गंज दिसला तर सॅंडपेपर, तारेचा ब्रश किंवा आम्ल वापरण्याचा मोह टाळावा. त्याने गंजाबरोबर कारखान्याचे नाव, साल, राजचिन्ह आणि 'डी.पी.'ची खूणही पुसली जाते. या खुणा म्हणजे त्या वस्तूचा दाखला असतो. 'जी.आर.आय.' ही अक्षरे किंवा स्वातंत्र्यानंतरचे सिंहमुद्रेचे चिन्ह यांवरून तिचा काळ कळतो, आणि निकामी केल्याच्या खुणेवर तर तिची कायदेशीर ओळख अवलंबून असते. वरवरचा गंज तेलात भिजवलेल्या मऊ फडक्याने हळूहळू उतरवावा. खोल गंजासाठी संग्रहालयाच्या संवर्धकाचा सल्ला घ्यावा. लाकूड आणि धातू सुटे करण्याचे काम, विशेषतः सरकारी रायफलीच्या बाबतीत, शस्त्र-कारागिरावर सोपवावे.

वर्गात करून पाहा: बरणीतले करंजा

या सगळ्यासाठी बंदूक लागत नाही. जस्ताचा मुलामा नसलेले लोखंडी खिळे घ्या. ते बारीक सॅंडपेपरने घासून, साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करा. झाकणाच्या तीन बरण्या घ्या. पहिलीच्या तळाशी सिलिका जेल किंवा ताजी चुनकळी ठेवा. दुसरीत बारीक शुद्ध मीठ पाण्यात कालवून केलेला ओला लगदा ठेवा. अशा लगद्यावरची बंद हवा आपोआप सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला स्थिरावते. तिसरीत नुसते पाणी ठेवा. तिथे हवा जवळजवळ संपृक्त राहील.

प्रत्येक बरणीत दोऱ्याने चार खिळे टांगा. एक नुसता. एक मिठागरातल्या जाड्या मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला. एक तसाच खारवून मग तेल लावलेला. आणि एक स्वच्छ खिळा तेल लावलेला. खिळे लगद्याला किंवा पाण्याला लागू देऊ नका. चुनकळीला मुलांनी हात लावू नये. पंधरा दिवस रोज नोंद करा.

कोरड्या बरणीत खारवलेला खिळासुद्धा बराच टिकतो. मधल्या बरणीत नुसता खिळा आणि खारवलेला खिळा यांतला फरक ठळक दिसतो, आणि करंजा व पुणे यांतला फरक त्यात आहे. खारवून मग तेल लावलेल्या खिळ्याची तुलना स्वच्छ तेल लावलेल्या खिळ्याशी केली, की सैनिक आधी पाणी आणि मग तेल का वापरत हे मुलांना आपोआप समजते.

जोडीला आणखी एक प्रयोग. हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळून घ्या आणि गंजलेल्या खिळ्यावर तो काढा लावा. गंज निळसर काळा होतो. हिरड्यातील टॅनिन आणि गंजातील लोह यांचा तो संयोग आहे. हिरडा आणि हिराकस यांपासून बनणाऱ्या जुन्या काळ्या शाईचे रसायन हेच. लोखंडी पुराणवस्तूंचे संवर्धक गंज स्थिर करण्यासाठी टॅनिनचा उपयोग करतात.

तुकडीचे काम पाहणाऱ्या शिक्षकांनी मृग लागण्यापूर्वी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा कोतमधल्या रायफलींची पाहणी कारागिराकडून करून घ्यावी व तिची नोंद ठेवावी. खंडेनवमीला आपण शस्त्रे आणि अवजारे पुसून पुजतो. तो दिवस बरोबर पावसाळ्याच्या अखेरीस येतो, हे या कामाला सोयीचेच आहे. त्या दिवशी हळदकुंकवाचे ओले बोट मात्र पोलादावर राहू देऊ नये.